न पाहिलेले आकडे

“डोळ्याले दिसन तोच आकडा लिहजो. मनातला लिहू नको. अन् चुकला, तर खोडरबर लावू नको. लाल शाईनं एक आडवी रेघ मारजो, वर खरा आकडा लिहजो, खाली आपली सही करजो. समजलं का वं?”

समजलं, असं कौशल्या म्हणाली होती. दवाखान्यातली ती खाट, भगवंतरावांचे हळदीसारखे पिवळे झालेले डोळे, आणि उशाशी फुलपात्रातल्या पाण्यात उभी धरलेली खराट्याची काडी. हायड्रोमीटर म्हणजे काय हे ते तिला तशा अवस्थेत शिकवत होते. काचेच्या नळीनं बॅटरीच्या सेलमधलं तेजाब ओढायचं, आत एक फुगीर कांडी तरंगते, ती जिथवर बुडते तिथला आकडा वाचायचा. सेल भरलेला असला की कांडी वर तरंगते, सेल खचत चालला की खाली बसते. बस, इतकंच. आपली जागा हिला मिळेल हे त्यांना ठाऊक होतं, आणि आपण जाणार हेही. त्यांनी तिचा हात धरून वचन घेतलं ते संसाराबद्दल नव्हतं, म्हाताऱ्या आईबद्दल नव्हतं. आकड्याबद्दल होतं. तेव्हा तिला त्याचं थोडं वाईटच वाटलं होतं.

आज सकाळी कडी काढली तर उंबऱ्याशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली भाजी होती. वांगी, गवार, वर कोथिंबिरीची जुडी. उकंडराव पुन्हा येऊन गेले होते. हाक न मारता ठेवून जायचे. बाजारात माळवं घेऊन यायचे ते बुधवारी, आणि आज बुधवार. ही तिसरी खेप. कौशल्या दारातच उभी राहिली. आज तिचा तिसरा दिवस होता, या दिवसांत ती भाजीला हात लावत नसे, चुलीपाशी जात नसे, शेजारच्या अन्नपूर्णाबाई वरून हातावर भाकर टाकायच्या, ती कोपऱ्यात बसून खायची. सासू गेल्यापासून घरात दुसरं कोणी नव्हतं, पाहायला, टोकायला कोणी नव्हतं, तरी पाळायची. कोणी पाहत नाही म्हणूनच जास्त पाळायची. कोथिंबीर ऊन लागून मान टाकू लागली होती आणि तिच्या मनात आलं, आपण हात न लावताच सुकून चालली आहे.

उकंडरावांना वाटतं बाईनं आपल्याला पाणी दिलं. पहिल्या खेपेला ते तसं म्हणाले होते. “बाई, त्या दिवशी साऱ्या कचेरीत तुमीच तेवढं माणसासारखं बोलल्या. पानी देल्लं, बसा म्हनलं. मी इसरनार नाई.” बसा म्हटलं. तेच ते. चैत्र लागला होता, मंगळवार होता. उकंडरावांची सून गावच्या दवाखान्यात अडलेली, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं की अकोल्याला फोन लावा, मोठ्या दवाखान्याची गाडी मागवा, नाहीतर सवाबाराच्या पॅसेंजरनं न्या. पावणेबाराला उकंडराव टपाल कचेरीच्या खिडकीशी आले तेव्हा वीज जाऊन पाऊण तास झाला होता आणि अकोल्याची लाईन नुकतीच मुकी झाली होती. इंद्रभान तारा पाहायला सायकलवर टांग टाकून गेला होता. उकंडराव डोक्याचं मुंडासं काढून हातात पिळत उभे. त्यांनी तिला विचारलं, कारण ती तेवढीच समोरून जात होती, “बाई, लागन का हो फोन? का नेऊ पोरीले गाडीनं?” आणि तिनं काय केलं? ती टेबलाशी गेली, नोंदवही उघडली, सकाळचे बारा आकडे पाहिले. बाराशे दहा, बाराशे पाच, बाराशे दहा. बाराही सेल भरलेले. वीज गेली तरी हे बारा सेल सहा तास अकोल्याची लाईन बोलती ठेवतात. म्हणजे दोष तारेचा, आणि तार इंद्रभान अर्ध्या तासात जोडेल. स्वतःच्याच अक्षरात लिहिलेलं तिनं वाचलं आणि तिला धीर आला. तिनं माठातलं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, “बसा बाबा, येईन आता लाईन. सारं ठीक आहे.”

ते बसले. सवाबाराची पॅसेंजर शिट्टी देऊन गेली ती त्या बाकावर दोघांनाही ऐकू आली होती.

लाईन चार वाजता आली. सून तीनला गेली होती, पोटातल्यासकट. गाडीनं नेली असती तर वाचलीच असती असं काही नाही, डॉक्टर स्वतः म्हणाले. कौशल्या ते वाक्य रोज एकदा मनात म्हणून पाहते, जसा पोथीचा अध्याय रोज वाचते तसं. अध्याय वाचला की आत काहीतरी निवतं. हे वाक्य म्हटलं की काही होत नाही.

कारण त्या सकाळचे आकडे तिनं पाहिलेच नव्हते. आदल्या दिवशीचे नव्हते, त्याच्या आदल्या दिवशीचेही नव्हते. चार दिवस ती बॅटरीच्या खोलीत गेलेली नव्हती.

हे सुरू कसं झालं ते तिला नीट आठवतं, आणि आठवलं की हसू येण्यासारखं आहे म्हणून जास्तच लागतं. मराठी राज्य झालं त्या वर्षी कचेरीमागं ही खोली बांधली. लाकडी घडवंचीवर काचेच्या बारा बरण्या, आत शिशाच्या पट्ट्या, वर तांब्याच्या जाड पट्टीनं एकमेकींना बांधलेल्या. भगवंतराव दसऱ्याला घडवंचीला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे. भिंतीवर शेगावच्या महाराजांची तसबीर त्यांनीच टांगलेली. आणि इंद्रभान, लाईनमन, तोंडाचा फटकळ, सगळ्यांची टिंगल करणारा, तो त्या बारा बरण्यांना बारा ज्योतिर्लिंगं म्हणायचा. भगवंतराव गेल्यावर तिची नेमणूक झाली त्या पहिल्या दिवशी ती दाराशी घुटमळत उभी होती तर तो म्हणाला, “या वो वहिनी, भिता काऊन? तुमचे बारा ज्योतिर्लिंगं उपाशी बसेल आहेत. अभिषेक करा.” डिस्टिल्ड पाण्याचा काचेचा बुधला त्यानं पुढं सरकवला. सगळे हसले. ती हसली नाही. तिनं चपला बाहेर काढल्या. तेव्हापासून रोज चपला बाहेर काढून आत जायची. आत तेजाबाचा आंबूस वास, सेलात वीज भरणं चालू असलं की बरण्यांतून बारीक बुडबुड्यांची कुजबुज, अंधूक उजेड, तसबीर. घरी देवापाशी बसल्यावर जे होत नव्हतं ते तिला इथं व्हायचं. नळी बुडवायची, रबरी फुगा दाबून सोडायचा, कांडी हलायची थांबेपर्यंत श्वास धरून पाहायचं. बारा वेळा. लुगड्याला तेजाबाची भोकं पडायची ती तिला दागिन्यासारखी वाटायची.

आणि मग पहिल्या महिन्यात ते चार दिवस आले. ती कामावर आली, गैरहजर राहण्याची सोय नव्हती, पण दाराशी पाय थांबला. तसबीर आहे आत. हळदकुंकू आहे. कोणाला सांगणार? हिंमतराव, कचेरीचे मुख्य, बापासारखे, पण पुरुषमाणूस. आकडे तर कालच्यासारखेच असणार. बाहेर व्हरांड्यातल्या स्टुलावर बसून तिनं कालच्यासारखे आकडे लिहिले. जरा इकडे पाच कमी, तिकडे पाच जास्त. पाचव्या दिवशी न्हाऊन आत गेली, नळी बुडवली. आकडे तिनं लिहिल्यासारखेच निघाले. बाराच्या बारा. तिनं तिथंच तसबिरीपुढं डोकं टेकलं. पुढच्या महिन्यात तसंच झालं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. महाराज आपली लाज राखतात, आपण त्यांचं सोवळं राखतो. साधा सरळ व्यवहार. पाणी घालायचं त्या दिवसांत आलं तर इंद्रभानला म्हणायची, भाऊजी, कंबर धरली आहे, आज तेवढं तुम्ही ओता. तो ओतायचा. तिचं भगवंतरावांना दिलेलं वचन त्या चार दिवसांत कुठं जायचं? तिनं शोधलं नाही. मोडलं असं तिला वाटतच नव्हतं. डोळ्यांनी नाही दिसला आकडा, पण दिसला असता तर तोच दिसला असता, मग फरक काय, असं काहीतरी. तीन वर्षं. छत्तीस महिने कृपा झाली. सदतिसाव्याला त्या चार दिवसांत सातवा सेल हळूहळू, कोणाला न सांगता, बसत गेला, आणि वीज गेली तेव्हा एकमेकींना बांधलेल्या बरण्यांतल्या त्या एकीमुळं लाईन मुकी झाली. भगवंतराव असते तर पहिल्याच दिवशी बाराशेला दहा जरी कमी दिसले असते तरी त्यांनी पट्टी काढून तो सेल बाजूला केला असता. पाच मिनिटांचं काम.

चौकशीला अकोल्याहून साहेब आले. त्यांनी सातव्या सेलमध्ये नळी घातली तर कांडी तळाला बसली. मग नोंदवही मागवली. कौशल्या व्हरांड्यात उभी होती, पदर घट्ट धरून. साहेब पानं उलटत गेले, आणि त्या शेवटच्या पानावर थांबून म्हणाले, “वा. इतकी स्वच्छ नोंदवही मी कुठं पाहिली नाही. बाई, अक्षर छान आहे तुमचं.” मग हिंमतरावांकडे वळले. “सकाळी बाराशे पाच असलेला सेल दुपारी असा मरत नाही. कोणीतरी काहीतरी ओतल्याशिवाय नाही. पाणी शेवटचं कोणी घातलं?”

सोमवारी इंद्रभाननं घातलं होतं. तिच्याच सांगण्यावरून.

बुधला अकोल्याहून आणणाराही तोच. आणि ह्या भागातलं पाणी खारं, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. साहेबांनी दोन अन् दोन चार केले. बुधला वाटेत फुटला असेल, लपवायला विहिरीचं भरलं असेल. सेल लगेच रिकामा करून धुवायला लावला, त्यात काय होतं ते आता देवालाही सांगता येणार नाही. इंद्रभानला घरी बसवलं. चहाच्या टपरीवर लोक त्याला विचारू लागले, “काय इंद्रभान, आज नळावर का विहिरीवर?” ज्याच्या जिभेला कोणी टिकत नसे तो माणूस मान खाली घालून सायकल हातात धरून चालत जायचा. आज तीन वाजता अकोल्याला त्याची सुनावणी होती. कौशल्याला बोलावलेलं नव्हतं. तिचं जे काही म्हणणं होतं ते नोंदवहीत होतं, आणि नोंदवही साहेबांनी नेली होती.

परवा संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, ती मंदिरातून परतत होती तेव्हा तो वाटेत भेटला. महिनाभरात पहिल्यांदा. ती थांबली. बोलायला गेली आणि तोंडातून भलतंच आलं, “वहिनी कशा आहेत भाऊजी?”

“आहे बाप्पा. रडून राह्यली दिवसभर. क्वार्टर खाली करा लागन म्हनते, मंग चूल कुठं मांडू.” तो सायकलच्या घंटीवर अंगठा ठेवून उभा होता, वाजवत नव्हता. मग तिच्याकडे न पाहता म्हणाला, “वहिनी, एक इचारू? रागावसान नाई?”

“विचारा ना.”

“मी खांबावर चढतो न, वरून सारं दिसते. तुमच्या चपला रोज त्या खोलीबाहेर असतात. महिन्यात चार दिवस नसतात.” रस्त्यावरून एक टांगा गेला, धूळ खाली बसेपर्यंत तो थांबला. “तीन वर्षं पाहून राह्यलो मी. पहिले पहिले वाटलं, खडावा घालून जात असन बाई.” तो जरासा हसला, जुनी सवय. “मंग समजलं.”

“मग तुम्ही साहेबाले काऊन नाही सांगितलं?”

“काय सांगू? हे बोलाची गोष्ट आहे का वहिनी? चार मानसात? भगवंतरावाची बायको तुम्ही. मायबहिनीच्या अंगावरची गोष्ट मी टेबलावर मांडू का, माही नोकरी वाचवा म्हनून? नाई जमत मले.” आणि सायकल वळवता वळवता, जणू तिची समजूत काढत असल्यासारखं म्हणाला, “तुमी काही मनाले लावून घेऊ नका. पन त्या सेलात मी खारं पानी नाई घातलं, हे तुमाले तरी ठाव राहू द्या. बस.”

बस. ती घरी आली, देवापुढं दिवा लावायला गेली आणि तेवढ्यात या महिन्याची अडचण आली. दिवा तसाच राहिला. काल दिवसभर ती कचेरीत स्टुलावर बसून होती. नव्या नोंदवहीत तिनं काही लिहिलं नाही. दुपारी हिंमतरावांना सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं सांगता येतं तेवढं. आपण चार दिवसांचे आकडे न पाहता लिहिले एवढंच. हिंमतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “वहिनी, मी हे ऐकलं नाही. इंद्रभान काय, एखादवेळ बदलीवर सुटंल. तुमचं तसं नाही. तुमची नोकरी जाईल, कोर्टकचेरी होईल, तो उकंडराव उद्या काठी घेऊन दारात येईल. अन् करून हातात काय? मेलेली उठून बसणार आहे?” ते चूक बोलत नव्हते. त्यात एकही शब्द चूक नव्हता. ती रात्रभर तो हिशेब उलटसुलट करून पाहत होती, कुठूनही पाहिलं तरी शेवटी काहीच उरत नव्हतं. सांगितलं तर ती उरत नव्हती, न सांगितलं तर इंद्रभान, आणि दोन्हीकडे ती बाकावरची दुपार तशीच.

आता ऊन उंबऱ्यावर चढलं होतं. तिनं वाकून गोणपाट उचललं. हातानं. कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं आणि सगळं घेऊन अन्नपूर्णाबाईंच्या ओट्यावर ठेवलं. “अवं, हात लावला काय तू?” त्या आतून ओरडल्या. “हाव,” ती म्हणाली. मग न्हाणीत जाऊन हातपाय धुतले, धुतलेलं लुगडं नेसली, भगवंतरावांच्या लाकडी पेटीतली लाल शाईची दौत काढली. बूच गच्च होतं, तळाला दोन बोटं शाई होती. टाक फडक्यात गुंडाळला.

मंदिराच्या रस्त्यानं न जाता पोचता येईल असं शेगावात काही नाही. कळसाच्या सरळ रेषेत आली तेव्हा ती या दिवसांत नेहमी थांबायची तिथं, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला थांबली, लांबूनच हात जोडले. आज काही मागायचं सुचेना. महाराजांनी कधी सांगितलं होतं का, की माझी तसबीर आहे म्हणून आत येऊ नको आणि खोटं लिही? त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते भगवंतरावांनी, आणि ते तिनं ऐकलं होतं, समजलं म्हणाली होती.

कचेरीत तेव्हा कोणी नव्हतं, हिंमतराव तेवढे खिडकीत पाठमोरे. ती मागं गेली. बॅटरीच्या खोलीशी थांबली. चपला काढल्या, उंबरा ओलांडला. तिसऱ्या दिवशी. आत तोच वास, तोच अंधूक उजेड, तीच कुजबुज. ती तसबिरीकडे पाहत उभी राहिली, काहीतरी होण्याची वाट पाहत. काच तडकेल, पाय लटपटतील, निदान छातीत काही हलेल. मग नळी घेतली, पहिल्या सेलपासून सुरुवात केली. बाराशे दहा. बाराशे पाच. सातव्या जागी नवा सेल होता, त्यात नळी बुडवली, फुगा सोडला, कांडी हलली, डुलली, थांबली. बाराशे. बाराव्यापर्यंत गेली. काहीच झालं नाही. महाराज तसेच पाहत होते, रागानं नाही, मायेनंही नाही. एखादी शिक्षा सोसवली असती, हे तिला सोसवेना. सदतीस महिने ती ज्या दाराबाहेर बसली त्या दाराला कुणाचाच पहारा नव्हता. कधीही आत येता आलं असतं. चैत्रातल्या त्या शनिवारी आत येता आलं असतं, रविवारी, सोमवारी, अगदी मंगळवारी सकाळी आठ वाजतासुद्धा.

तिनं बारा आकडे नव्या वहीत लिहिले. बोटाला लागलेलं तेजाब कागदाला लागलं आणि कडेला तांबूस डाग उमटला. त्या डागाकडे पाहताना तिला जुनी वही डोळ्यांपुढं आली. तिच्या पानापानावर असे डाग आहेत, भोकं आहेत, ओल्या हाताची फरफट आहे. फक्त दर महिन्याला चार ओळी कोऱ्या कागदासारख्या स्वच्छ. शोधाव्या लागणारच नाहीत त्या. साहेबांना ज्या आवडल्या त्याच. एकशे अठ्ठेचाळीस दिवस, रोजचे बारा आकडे. दौतीतली शाई पुरायची नाही, आणि साहेब वहीला हात लावू देतील की नाही कोण जाणे. निदान शेवटच्या चार ओळी. आडवी रेघ. पण वर काय लिहायचं? खरा आकडा कुठं आहे? तो त्या चार दिवसांत त्या बरणीत होता आणि कोणी पाहिला नाही, आता तो जगात कुठंच नाही. रेघेच्या वरची जागा रिकामी राहील. तिनं ठरवलं, तिथं ‘पाहिला नाही’ असं लिहायचं. का पाहिला नाही, असं साहेब विचारतील. तेही सांगायचं. चार माणसांत, टेबलापाशी, तिनं स्वतः. इंद्रभानला ते जमण्यासारखं नव्हतं. खाली सही.

बाहेर येऊन तिनं चपला घातल्या. हिंमतराव वळले. तिच्या हातातली दौत त्यांना दिसली.

“वहिनी, कुठं?”

“अकोल्याले जाऊन येते. सवाबाराच्या गाडीनं.”

बाकावर कोणी बसलेलं नव्हतं, माठावर फुलपात्र पालथं होतं. तिनं ते जाता जाता सरळ केलं, पुन्हा पालथं घातलं, आणि दौत पदराआड उभी धरून, शाई हिंदकळू नये म्हणून सावकाश, स्टेशनच्या रस्त्याला लागली.